निलेश कॉल चालू ठेवून गेला

निलेशला त्याच्या चुलतभावाने भरदुपारी कोयतीने तोडलं.

आज चार वर्षं झाली.

लोक अजून विचारतात, "अपघात झाला होता ना?"
नाही. खून झाला. मी ऐकला.

कॉलेजपासूनचा मित्र. मुंबईतली नोकरी सोडून पालीच्या घरी परत आला आणि तिथून काम करायला लागला. मी इथे रत्नागिरीत. दोघं एकाच टीममध्ये.

आमचं काम एका कमांड-लाइन शेलवर. म्हणजे काळ्या खिडकीत तुम्ही हुकूम टाइप करता आणि कॉम्प्युटर ऐकतो, ते सॉफ्टवेअर. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हीकडे ते सारखंच वागलं पाहिजे. त्यासाठी आम्ही ऑटोमेटेड टेस्ट लिहायचो. शेलला मुद्दाम छळणारे छोटे प्रोग्राम.

छळण्यात निलेश उस्ताद! फाइलला "नवी विहीर" असं नाव द्यायचा. मध्ये स्पेस, वर देवनागरी. शेल आडवा.

त्या दिवशी एक टेस्ट सतावत होती. चालू कमांड मध्येच तोडली की लिनक्सवर ती थांबायची. विंडोजवर वरून मेलेली, आतून चालूच. तीच टेस्ट तो पुन्हा पुन्हा रन करत होता. त्याची स्क्रीन माझ्यासमोर, कानात हेडफोन.

"मर ना! प्राजू, ही मरतच नाही गं!"

स्वयंपाकघरातून काकू, त्याची आई, ओरडल्या, "कोणाला मारतोस रे मेल्या?"

आम्ही दोघं खो खो हसलो.

तेवढ्यात बाहेर चिरे कोसळल्याचा आवाज आला.

संतोष, त्याचा चुलतभाऊ, निलेशच्या घरच्या कलमांच्या बागेतून स्वतःच्या घरापर्यंत गाडीरस्ता मागत होता. काका, म्हणजे निलेशचे बाबा, नाही म्हणत होते. त्या दुपारी तो गडगा, बागेची दगडी कुंपणभिंत, फोडायलाच आला.

काकूंची किंकाळी. "निलू, धाव रे! बाबांना मारतोय तो!"

"प्राजू, रन थांबवू नको. आलोच."

खुर्ची पडली. तो धावला.

त्याच्या खोलीची खिडकी उघडी होती. सगळं ऐकू येत होतं. संतोषच्या शिव्या. काकांचं कण्हणं. मग निलेश, अगदी स्पष्ट:

"दादा, कोयती खाली ठेव. बाबांना सोड. रस्ता घे तुला. घे!"

त्यानंतरचा आवाज मी इथे लिहिणार नाही. कोर्टात सांगितलाय, पुरे.

स्क्रीनवर बाकीच्या टेस्ट पास होत होत्या. हिरव्या ओळी, एकाखाली एक. मी माइकमध्ये "निलेश, निलेश" ओरडत होते आणि दुसऱ्या हाताने पोलिसांना फोन लावत होते.

काकांनी नंतर सांगितलं. ते खाली पडले होते. निलेश त्यांच्यावर आडवा झाला. पहिला घाव त्याने पंजावर घेतला. बोटं तुटली. दुसरा खांद्यावर. तिसरा मानेवर.

रत्नागिरीच्या सिव्हिल हॉस्पिटलला पोचायच्या आधीच जीपमध्ये गेला.

मी हॉस्पिटलच्या दारात उभी होते. काका उतरले ते रक्ताने माखलेले. नर्स त्यांची जखम शोधायला लागली.

"माझा नाय हा," काका म्हणाले. "पोराचा आहे."

पुढे संतोषच्या बाजूने सांगितलं गेलं की निलेशच अंगावर धावून आला. संतोषचा मामा माझ्या घरी आला. "पोरी, तू एवढी लांब. कॉलवर काय धड ऐकू येतं? घरातलं भांडण आहे, घरात मिटेल."

मी म्हटलं, "मिटलंच आहे, मामा. माणूस मेला."

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरचा कोणीतरी दगडाने चेंदा केला.

साक्षीला संतोषचे वकील म्हणाले, "तुम्ही काम करत होतात. लक्ष स्क्रीनवर असणार."

"डोळे स्क्रीनवर होते, साहेब. कान त्याच्याकडे होते."

मग मी त्याचं वाक्य म्हणून दाखवलं. 'रस्ता घे तुला.' जो माणूस रस्ता देत होता, तो मारायला कशाला जाईल?

कोर्टात काकू पदर तोंडात धरून बसल्या होत्या. हे वाक्य त्यांनी त्या दुपारीही ऐकलं होतं.

गेल्या महिन्यात निकाल लागला. जन्मठेप.

मी काकूंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरा झाला." आणि थोड्या वेळाने, "जेवलीस काय गो?"

मी जेवले नव्हते. हो म्हटलं.

निलेश, तू बापाला वाचवलंस. काका आहेत. हळूहळू चालतात, पण आहेत.

तुला माझा शेवटचा नमस्कार, मित्रा.