तात्यांचे एंटर

ओळ संपत आली की तात्यांचा डावा हात वर जायचा. तोंडाने "टिंग!" म्हणायचे, हवेतच काहीतरी उजवीकडे ढकलायचे आणि मग उजव्या करंगळीने एंटर दाबायचे. त्यांच्या डावीकडची खुर्ची माझी. पहिल्याच आठवड्यात दोनदा माझा चष्मा उडाला, तेव्हा मी खुर्ची सरकवून घेतली.

इंदापूरच्या तहसील कचेरीसमोर बसून तात्यांनी तीस वर्षं लोकांचे अर्ज टाइपरायटरवर टाइप केले. ओळीच्या शेवटी घंटी वाजायची, दांडा ढकलायचा, नवी ओळ. पुढे लोक आमच्या डीटीपी सेंटरात यायला लागले, तसे त्यांच्यामागोमाग तात्याही आले. वेग असा, की कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेल्या मीही तोंडात बोट घालावं. चूक औषधालाही नाही. फक्त प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना पुढचं कळलंच असेल. बाकीच्यांसाठी सांगते. कॉम्प्युटरवर ओळ आपली आपण खाली जाते. एंटर दाबायचा तो परिच्छेद संपल्यावर. तात्यांचा मजकूर रुंद कागदावर झकास दिसायचा, पण तोच उचलून पुस्तकाच्या अरुंद रकान्यात टाकला की एक ओळ भरलेली, पुढच्या ओळीत दोनच शब्द, पुन्हा एक भरलेली, पुन्हा दोन शब्द. मग मी ओळीच्या टोकाला जायचं, एंटर पुसायचा, शब्द चिकटू नयेत म्हणून जागा सोडायची, की पुढची ओळ. तात्या चहाला गेले की मी हेच करत बसायची.

सांगून पाहिलं नाही असं नाही.

"तात्या, ओळ आपोआप वळते."

"आपोआप? आन् न्हाय वळली तर?"

म्हणाले आणि दाबला एंटर.

मालक बारामतीचे, छापखानाही तिकडेच. मजकुराची फ्लॉपी आम्ही एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचो. तात्यांना कामावर ठेवतानाच मालकांनी त्यांच्यादेखत मला बजावलं होतं, "हे चुकले, की दुसऱ्या दिवशी घरी." घराचं नाव काढलं की तात्या कावरेबावरे व्हायचे. एकदा म्हणाले, "दोन दिस बसलो घरी. सून म्हनली, मामा, जरा पाय उचला, झाडायचंय. दिसातनं चार येळा." मी हसले. ते हसले नाहीत.

म्हणून मी खोटं बोलले. एकदा चार पानं पुसायची राहून गेली आणि मालकांचा फोन आला, "या ओळींना काय झालंय?" मी म्हटलं, "व्हायरस आहे." मालकांनी लगोलग व्हायरस मारायची फ्लॉपी पाठवली. कंडक्टरने ती दोन बोटांत धरून आणली. "घ्या बाई, रोगाची हाय म्हनं," म्हणाला आणि हात पुसत गेला.

मग लोणी भापकरकडच्या एका शाळेची स्मरणिका आली, साठ पानांची. नेमकी मी भवानीनगरला मावसबहिणीच्या लग्नात. तात्यांनी फ्लॉपी पाठवून दिली, जशीच्या तशी. दुसऱ्या दिवशी मी कामावर परतले, तर पहिल्या गाडीने ती फ्लॉपी घेऊन मालक हजर.

"कुणाचं काम हे?"

मी "व्हाय..." एवढंच म्हणाले, तोवर तात्या उभे राहिले. "माझा हात हाय त्यो. पोरगी रोज निस्तारती. मी चहाला जातो तवा काचंतनं दिसतंय की मला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालक सरळ माझ्या खुर्चीत बसले. एका झटक्यात सगळे एंटर काढायची युक्ती त्यांना ठाऊक होती. ती त्यांनी ऐटीत वापरली आणि त्याच फाइलवर सेव्हही करून टाकलं. साठ पानांचा एक परिच्छेद झाला. मुख्याध्यापकांचं मनोगत, शिपाईमामांच्या आठवणी, सातवीतल्या मुलीची कविता, दिवंगत शिक्षकांना श्रद्धांजली, सगळं एका दमात. मजकूर आम्ही फ्लॉपीवरच ठेवायचो, दुसरी प्रत नव्हती, मूळ कागद शाळेने परत नेले होते, आणि चारच्या गाडीने मजकूर बारामतीला जायला हवा होता. मालकांनी कपाळाला हात लावला.

"पोरी, तू वाच," तात्या म्हणाले आणि डोळे मिटून बसले. मी वाचायला लागले.

"थांब. हितं गुरुजींनी पानी पिलं आसंल. दाब एंटर."

दाबला.

"हितनं शिपाई बोलाय लागला. ह्यो मानूसच येगळा हाय. दाब."

कवितेच्या ओळी त्यांनी मांडीवर ताल धरून तोडल्या. तीस वर्षं लोकांची गाऱ्हाणी ऐकून त्यांचे अर्ज करणारा कान होता तो. कुठे एक गोष्ट संपते आणि दुसरी सुरू होते हे त्याला बरोबर कळायचं. साडेतीनला काम संपलं. मालकांनी फ्लॉपी खिशात घातली आणि जाता जाता मला म्हणाले, "तात्यांच्या खुर्चीवर ऊन येतंय. उद्यापासून ती आत घे."

म्हणजे तात्या राहिले. सवय मात्र शेवटपर्यंत सुटली नाही. ते दाबायचे, मी पुसायची, आता त्यांच्यादेखत. मला ते फार आवडायचे. तेव्हा कधी तसं म्हणाले नाही.

दोन वर्षांनी तात्या तीन-चार दिवस आलेच नाहीत, मग त्यांचा मुलगा दुकानात आला. तात्या गेल्याचं त्याच्याकडूनच कळलं. त्याने एक फ्लॉपी पुढे केली. "तात्यांनी करून ठिवलंय. म्हनले हुते, त्या पोरीकडंच द्या."

उघडली, तर त्यांच्या स्वतःच्याच दशक्रिया विधीची पत्रिका. माझा हात आपसूक पहिल्या ओळीच्या टोकाला गेला. पण पत्रिकेत प्रत्येक ओळ वेगळीच असते. नाव एका ओळीत, गाव एका ओळीत, घाट एका ओळीत. सगळे एंटर जागच्या जागी होते, एकही पुसायचा नव्हता.

तारखेपुरती जागा त्यांनी मोकळी सोडली होती. ती मी भरली.