दवाखान्यातलं आभाळ

त्यांना सगळे रंगराव म्हणत. खरं नाव फक्त पाकिटांवर यायचं, आणि पोस्टमनही पाकीट देताना "रंगराव, हे तुमचंच असावं" असं म्हणूनच देई. पंचेचाळीस वर्षं त्यांनी शिंप्याच्या, केमिस्टच्या, सायकलवाल्याच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या, साबणाची वेष्टनं केली, कॅलेंडरं केली. पण एखादी रिकामी भिंत मिळाली की स्वारीची तहानभूक हरपे. पोस्टातलं, पाणीपुरवठ्याच्या कचेरीतलं, वाचनालयाच्या जिन्यातलं, सगळी भित्तिचित्रं त्यांचीच. बाईचा चेहरा काढायचा म्हटला की मात्र त्यांच्या हातून बायकोचंच नाक यायचं. साबणाच्या वेष्टनावर तेच नाक, चष्म्याच्या दुकानावर तेच नाक.

"अहो, निदान त्या खोकल्याच्या औषधाच्या पाटीवर तरी दुसऱ्या कुणाचं काढा," ती म्हणे.

"हात आपोआप वळतो गं तिकडे. मी काय करू?"

माणूस तसा मऊ. अक्षर वाकडं झालंय म्हणा, हसत पुसतील. घोड्याचा पाय आखूड वाटतो म्हणा, खाली उतरून बघतील. पण रंगाबद्दल अवाक्षर काढायची सोय नव्हती. एका हलवायाने एकदा "हा हिरवा जरा..." एवढंच म्हटलं होतं. रंगरावांनी ब्रश धुतले, सामान गोळा केलं आणि अर्धी पाटी तशीच टाकून घरी आले. पुढे तो हलवाई माफी मागायला आला, तेव्हा कुठे त्याचं उरलेलं अर्धं नाव पाटीवर चढलं.

बायको सकाळीच घरचं आवरून जेवणाचा डबा घेऊन यायची आणि बांबूच्या परांचीखाली बसायची. रंगराव वर वाटीत रंग जमवायचे, दोरीने वाटी खाली सोडायचे. ती त्यात तेल घालून, काडीने नीट घोटून वाटी परत वर पाठवायची. या कामात दोघांचं बोलणं फारसं व्हायचं नाही. झालंच तर भाजीत मीठ जास्त झालं का, यावर.

मोठ्या दवाखान्यातली भिंत हे त्यांचं अलीकडचं काम. पेशंट नंबर लागेपर्यंत बसतात त्या दालनाची सबंध लांब भिंत. त्यावर त्यांनी नदीकाठ काढला. होड्या, टोपल्या, धुणं, गप्पा मारणारी साठ-सत्तर माणसं आणि वर हे एवढं मोठं आभाळ. चार महिने लागले. मोठ्या डॉक्टरांनी हात हातात घेऊन शाबासकी दिली. रंगराव घरी येऊन म्हणाले, "यापुढे काही नाही केलं तरी चालेल." आणि ते मनापासून म्हणाले.

मग लेकीने त्यांना मोतीबिंदूसाठी धरून नेलं. त्या दिवशी ते चौथ्यांदा चहात साखरेऐवजी मीठ घालत होते, त्यामुळे वाद घालायला तोंड नव्हतं. आधी उजवा डोळा झाला. घरी पट्टी निघाली तेव्हा ते खुर्चीत ताठ झाले.

"भिंतीला पांढरा रंग कधी दिला?"

"बाबा, ती पांढरीच आहे. सहा वर्षं झाली."

ते लहान मुलासारखे घरभर फिरले. राखाडी वाटणारा पडदा निळा निघाला. शेजारणीच्या दाराचा रंग बघून तर ते जिन्यातच खिळले. त्यांना इतका आनंद झाला होता की जेवायला बसेपर्यंत ती दुसरी गोष्ट ध्यानातच आली नाही. आली, आणि हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला. इतकी वर्षं डोळ्यांवर पिवळट झापड होती. मग त्याच डोळ्यांनी जमवलेले दवाखान्यातले रंग कसे असतील? रंग चुकला असं त्यांनी आजवर कुणाला म्हणू दिलं नव्हतं. आता ते म्हणायला सबंध भिंत उभी होती, तीही रोज तीनशे माणसांसमोर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बायकोला घेऊन दवाखान्यात गेले. दालनाच्या मध्यभागी उभे राहिले आणि एक डोळा मिटून बघायला लागले. डाव्या, जुन्या डोळ्याने आभाळ छान होतं. उजव्या, नव्या डोळ्याने ते शाईची बाटली उपडी झाल्यासारखं होतं. डावा, उजवा, डावा, उजवा. समोरून येणारी सिस्टर थबकली. "आजोबा, या वयात डोळे मारता?" दालनभर हशा पिकला. रंगरावांना मात्र हसू आलं नाही. लाजेने त्यांचे कान तापले होते.

मग त्यांची नजर खाली माणसांवर गेली आणि ते चक्रावले. चेहरे बरोबर होते. हात, पाय, पोरांचे गाल, सगळे जिवंत, ऊन लागलेले. डावा डोळा, उजवा डोळा, दोन्हींनी बरोबर. हे जमणं शक्यच नव्हतं. ते सावकाश बायकोकडे वळले. ती फरशीकडे बघत होती.

"काय घातलंस?"

"चमचाभर पिवळा. आणि नखाएवढा तांबडा. प्रत्येक वाटीत."

"मला कळलं कसं नाही?"

"तुम्हाला पिवळा दिसत होता कुठे?"

"मग आभाळ?"

"ते तुम्ही वरच बादलीत कालवलंत. हे गुडघे घेऊन मी परांची चढणार होते का?"

"सांगितलं का नाहीस?"

"ऐकलं असतंत?"

रंगराव तडक दाराकडे वळले. घरी जाऊन ते दोन दिवस फुगून बसले. विचारलं तेवढ्याला हं किंवा नाही. तिसऱ्या दिवशी लेक आली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, आई नसती ना, तर ती सगळी माणसं नदीकाठी बसलेली नाही, नदीतून बाहेर काढलेली वाटली असती." रंगरावांनी फार आवरलं, पण हसू फुटलंच, आणि मग त्यांना खोकला येईपर्यंत ते हसत राहिले. हसता हसता त्यांना फार बरं वाटलं. आपल्या चुकीवर कुणी चार महिने, चमच्याचमच्याने पांघरूण घातलं होतं, आणि चकार शब्द काढला नव्हता. असं नशीब किती जणांचं असतं?

मोठ्या डॉक्टरांची परवानगी काढून आभाळापुरती परांची पुन्हा बांधली. बादली या वेळी रंगरावांनी खालीच ठेवली, बायकोच्या खुर्चीजवळ. निळा घातला, पांढरा घातला, किंचित पिवळा घातला, आणि भिंतीच्या कोपऱ्यात तळहाताएवढा नमुना लावला. मग ब्रश खाली ठेवून ते चार पावलं मागे आले.

"कसा वाटतोय?" त्यांनी विचारलं.

बायकोने मागे वळून पाहिलं. सिस्टर आली असेल, असं तिला वाटलं. मागे कुणीच नव्हतं.

"अगं, तुलाच विचारतोय."

ती उठली. गुडघे सांभाळत दालनाच्या पार टोकापर्यंत गेली, तिथून बघितलं, खिडकीजवळ जाऊन बघितलं. बाकांवरचे पेशंटही माना वळवून बघायला लागले. तिला काही घाई नव्हती. रंगराव हाताची घडी घालून थांबले होते.

"अजून थोडा पांढरा," ती परत येऊन म्हणाली, आणि रंगरावांनी निमूटपणे पांढऱ्याचा डबा उघडला.