लिफ्ट बघून घेतलेलं घर

मुलगी बघायला जावं आणि तिच्या घराचं छप्पर बघून होकार द्यावा, असा माणूस कुणी पाहिलाय का? मिस्त्रीनं घर अगदी तसंच निवडलं.

त्याला सगळे मिस्त्रीच म्हणत. लिफ्ट दुरुस्त करणं हे त्याचं काम, आणि जगात लिफ्टशिवाय दुसरं काही बघण्यासारखं असेल यावर त्याचा फारसा विश्वास नव्हता. लग्न राहून गेलं ते गेलंच. घरात तो आणि आई. कंपनीनं त्यांच्या गावातली शाखा बंद केली आणि वरून निरोप आला, मोठ्या शहरात या, नाहीतर घरी बसा. आई म्हणाली, "घरी बसून काय करशील? माझ्या डोक्यावर बसशील. चल, जाऊ." ती हसत म्हणाली, म्हणून त्याला वाटलं, म्हातारी खुशीत आहे. यंत्र ओळखण्यात पक्का, माणूस ओळखण्यात कच्चा, असा तो पहिल्यापासूनच.

गावातलं घर रस्त्याला लागून होतं. आई उंबऱ्यावर बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याची उलटतपासणी घ्यायची. कुणाचं बाळ रांगतंय, कुणाची सून रुसलीय, सगळा हिशेब तिच्याकडे. तिला सिनेमा नको होता, देवदर्शन नको होतं. दारासमोरून माणसं जावीत आणि त्यातल्या दोघाचौघांनी थांबावं, एवढीच तिची चैन.

दलालानं दोन उपनगरं दाखवली. एक शहराच्या पार टोकाला, कामापासून लांब. बैठी जुनी घरं, भिंतीला ओल, नळ गळका, पण खोलीचं दार सरळ गल्लीत उघडणारं. समोरच्या पायरीवर दोन बायका भाजी निवडत भांडत होत्या. मिस्त्रीनं नाक मुरडलं. दुसरं उपनगर कामाच्या जवळ. उंच नव्या इमारती, घर सातव्या मजल्यावर. दलाल हवा, उजेड, दवाखाना असं काही काही सांगत सुटला. मिस्त्रीनं विचारलं, "मशीनरूमची चावी कुणाकडे असते?"

दलालानं ती कुठूनशी आणून दिली. मिस्त्री गच्चीवर गेला. त्यानं दोर चाचपले, ब्रेक पाहिला, मोटरचा आवाज कान लावून ऐकला. खाली आला तो जावई पसंत पडलेल्या सासऱ्यासारखा. "हेच घर," म्हणाला. "आईचे गुडघे दुखतात. तिला अशी लिफ्ट सगळ्या शहरात मिळायची नाही." स्वयंपाकघर कुठल्या बाजूला आहे, हे त्यानं पाहिलंसुद्धा नव्हतं.

सामान आलं त्या दिवशी आई जिन्यानं वर आली. "सामान आधी जाऊ दे, लिफ्ट कशाला अडवायची," म्हणाली आणि दर मजल्यावर पायरीवर टेकत, धापा टाकत पोचली. मिस्त्रीला तिचं कौतुक वाटलं. आपली आई किती समजूतदार!

त्यानंतर ती खाली उतरलीच नाही. आज गुडघा धरलाय, आज ऊन फार आहे, उद्या बघू. समोरच्या घराला दिवसभर कुलूप असायचं. आईनं सुरुवातीला आपलं दार उघडं ठेवून खुर्ची टाकली. कुणी येईना की जाईना. लिफ्टचं दार उघडलं तरी माणूस मोबाइलमध्ये बघतच आपल्या घरात शिरायचा. मग तिनं खुर्ची खिडकीशी नेली. तिथून माणसं दिसत, पण चेहरे दिसत नसत. हळूहळू तिचं बोलणं आटलं. मिस्त्री संध्याकाळी यायचा तेव्हा ती वाढायची आणि गप्प बसायची. आधी दोन घास जास्त खा म्हणून त्याच्या मागे लागणारी बाई आता स्वतःचंच ताट अर्धं टाकू लागली. दुसऱ्या गावात दिलेल्या बहिणीचा फोन आला. "दादा, आई फोनवर नुसतं हं हं करते. तिला झालंय तरी काय?" आई आपल्या डोळ्यांदेखत विझत चाललीय हे त्याला दुसऱ्यानं सांगावं लागलं.

सुट्टीच्या दिवशी त्यानं तिला हट्टानं उठवलं. "चल, खाली बागेत बसू." लिफ्ट आली, दार उघडलं. आईनं चौकट घट्ट धरली.

"नको रे. दोर तुटला म्हणजे?"

"दोर असा तुटत नसतो गं."

"तूच सांगायचास की! ती बाई कशी अडकली, ती लिफ्ट कशी धाडकन खाली आली, आतली माणसं कशी ओरडत होती... जेवताना रोज सांगायचास. मला रात्र रात्र झोप लागायची नाही. तू त्या भोकात उतरतोस म्हणून."

होय, तो सांगायचा. एखादी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली की तिखटमीठ लावून तो ती पाताळात पोचवायचा. गावात आईकडे सांगण्यासारखं दिवसाला शंभर माणसांचं असायचं. त्याच्याकडे काय होतं? ग्रीस आणि बटणं. तिनं घास हातात धरून आपल्याकडे बघावं, एवढ्यासाठी तो लिफ्ट पाडायचा. खरी पडलेली लिफ्ट त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

"आई, ते सगळं खोटं होतं," तो म्हणाला. "शपथेवर सांगतो. मी रचून सांगायचो."

आईनं त्याच्या गालावरून हात फिरवला. "माझी भीती जावी म्हणून बोलतोयस. कळतं मला." आणि ती आत वळली.

तो पुन्हा दलालाकडे गेला. टोकाच्या उपनगरातली गल्लीतली ती ओलीची खोली अजून रिकामी होती. या वेळी त्यानं नळ पाहिला नाही, भिंत पाहिली नाही. पायरीवरच्या बायकांना मात्र त्यानं नमस्कार केला. धावतपळत घरी येऊन त्यानं आईला सगळं सांगितलं.

"दार गल्लीत उघडतं. समोर बायका बसतात, अगदी तुझ्यासारख्याच भांडकुदळ."

आई जरा हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून त्याला भलतीच आशा वाटली.

"आणि मी खाली उतरू कशी? गुडघ्यांनी तर साफ नाही म्हटलंय."

"खुर्चीत बसवून नेऊ जिन्यानं. कामावरचे आम्ही चौघं आहोत ना."

"चौघांनी न्यायचा दिवस येईलच रे. तेव्हा एकदाच न्या. उगाच दोनदा कशाला तसदी?"

"असं अभद्र बोलू नकोस गं!"

मग तिनं विचारलं, "तिकडून तुझं काम लांब पडेल ना?"

"थोडंसं."

"म्हणजे सकाळी अंधारात जाणार आणि मी झोपल्यावर येणार. त्या बायका काय, आज बोलतील, उद्या उठून जातील. इथं निदान संध्याकाळी तू दिसतोस. मला आता तेवढंच राहिलंय."

मिस्त्रीला रडू फुटलं. एवढा बाप्या माणूस, आईच्या खुर्चीशी जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडला. सगळ्या शहराचा नकाशा त्यानं मनातल्या मनात धुंडाळला. जिथं आईला माणसं मिळतील आणि तोही मिळेल, असा एक कोपरा त्याला सापडेना.

"मी तिकडूनही लवकर येईन," तो म्हणाला. "रोज दिवेलागणीला घरात असेन. साहेबांशी बोललोय मी."

"माझी भीती जावी म्हणून बोलतोयस," आई म्हणाली.

आणि या खेपेला तिचं खरं होतं.