झाकणाच्या आतली खूण

मामांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली होतं. चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची पावलं डोक्यावर वाजायची, आणि कुठल्या मजल्यावरचं कोण चाललंय हे मामा मान वर न करता सांगायचे. याचा कोणालाही काहीही उपयोग नव्हता. भाची त्यांना एकच, बहिणीची मुलगी. पण ती शाळा सुटली की दुकानात येऊन बसायची आणि अंधार पडेपर्यंत "मामा, मामा" करायची, त्यामुळे समोरच्या शिंप्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणू लागले. माणूस साठी ओलांडलेला, कमी बोलणारा आणि हट्टी. हट्टी माणसं बहुधा कमीच बोलतात. कोणाला काही पटवून द्यायचं नसतं, मग बोलायचं कशाला?

इमारत पाडायला काढली तेव्हा जिना गेला आणि जिन्याबरोबर दुकानही गेलं. मामा घरी बसले. घरी बसलेला घड्याळजी काय चीज असते ते मामींना विचारावं. आधी भिंतीवरचं घड्याळ उघडून झालं, मग मिक्सर, मग इस्त्री, मग मामींच्या चष्म्याचे स्क्रू. चष्मा त्याआधी ठीक होता. शेवटी मामींनी भाचीला फोन केला.

"बाई गं, ह्यांना कुठेतरी चिकटव. नाहीतर एक दिवस मलाच उघडून बसतील."

भाची आता किमती घड्याळांच्या एका मोठ्या शोरूममध्ये मॅनेजर होती. तिथे पावलं बुडतील असा गालिचा होता, हवा बारा महिने थंड होती आणि दिवे असे होते की घड्याळांच्या आधी गिऱ्हाइकांच्या सुरकुत्या उठून दिसाव्यात. एका कोपऱ्यात काचेची खोली होती. तिच्यात पांढरा कोट घातलेला कारागीर बसायचा आणि गिऱ्हाइकांनी त्याला काम करताना बाहेरून बघायचं, अशी व्यवस्था. ती खोली तेव्हा रिकामी होती. मुख्य कचेरीतल्या साहेबांनी मामांचं वय बघून नाक मुरडलं, पण भाची म्हणाली, "माझी जबाबदारी." एवढ्या एका शब्दावर मामांना कोट मिळाला.

काम एकच, सेल बदलण्याचं. किल्लीची, चक्रांची घड्याळं मुख्य कचेरीत जायची. मामांकडे फक्त सेलवाली यायची. सेलवाल्या घड्याळांबद्दल मामांचं मत चांगलं नव्हतं, आणि महागड्या सेलवाल्यांबद्दल तर त्याहून वाईट. वरून सोनं, हिरे, मगरीच्या कातड्याचा पट्टा. झाकण उघडावं तर आत नखाएवढी पट्टी आणि शर्टाच्या बटणाएवढा सेल. "बाहेरून राजवाडा आणि आत भाड्याची खोली," ते मामींना म्हणाले. गिऱ्हाइकांना म्हणाले नाहीत, कारण गिऱ्हाइकांशी बोलायचं नाही असा नियम होता.

नियम भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिले होते. बोटांना रबरी टोप्या घाला. सेल प्लास्टिकच्या चिमट्यानेच धरा. झाकणाखालची जुनी रबरी रिंग काढून टाका, नवी बसवा. झाकण अंगठ्याने दाबू नका, दाबयंत्राने बसवा. मग हवेच्या दाबाखाली तपासा, म्हणजे आत पाणी शिरणार नाही. मामांनी तक्ता दोनदा वाचला. त्यात एकही खोट सापडली नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

फक्त एक गोष्ट त्यात नव्हती. जुने घड्याळजी घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आतल्या बाजूला आपली खूण कोरायचे. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. पुढे जो घड्याळ उघडेल त्याला कळावं, की आपल्या आधी इथे कोण येऊन गेलं. मामांची खूण म्हणजे एक अर्धगोल आणि त्याखाली एक ठिपका. तिचा त्यांच्या लेखी अर्थ साधा होता : यात मी हात घातलाय, बिघडलं तर माझ्याकडे आणा.

"इथे खूण करायची नाही," भाचीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "इथे घड्याळ कंपनी दुरुस्त करते, सर. माणूस नाही." शोरूममध्ये ती त्यांना 'सर' म्हणायची आणि 'तुम्ही' म्हणायची. गाडीत बसल्यावर पुन्हा 'मामा' आणि 'तू'.

"मग चुकलं तर कोणाकडे जायचं?" मामांनी विचारलं.

"कंपनीकडे."

"ती कुठे बसते?"

भाचीने तक्त्याकडे बोट दाखवलं. मामांनीही पुढे विचारलं नाही, आणि कित्येक महिने नेमाने बिनखुणेचे सेल बदलले. हात शिवशिवायचे; ते कोटाच्या खिशात ठेवायचे.

मग एक दिवस पडदेवाल्या बाई आल्या. त्यांचा पडद्यांच्या कापडाचा मोठा व्यवसाय होता, आणि मनगटावरचं सोन्याचं घड्याळ त्यांनी स्वतःच्या कमाईतून स्वतःसाठी घेतलं होतं. ते बंद पडलं होतं. बाकीची गिऱ्हाइकं सोफ्यावर बसून कॉफी पीत. या बाई सरळ काचेच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काका, हे तुम्हीच करणार ना?"

जिन्याखाली हा प्रश्न मामांनी आयुष्यभर ऐकला होता. इथे तो पहिल्यांदाच कोणी विचारला.

"मीच," मामा म्हणाले.

त्यांनी झाकण काढलं, मेलेला सेल उचलला, नवा ठेवला. सेकंदकाटा एकदा थरथरला आणि चालू लागला. रिंग बदलली. झाकण उताणं हातात होतं, बारीक स्क्रूड्रायव्हर शेजारी होता, आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. अर्धगोल झाला, ठिपका झाला, आणि मग मामांच्या लक्षात आलं की आपण कुठे बसलो आहोत. त्यांनी चोरासारखं इकडेतिकडे बघितलं. कोणी बघत नव्हतं. काच असली म्हणून लोक बघतातच असं नाही. त्यांनी घाईघाईने झाकण दाबून बसवलं. तपासणीच्या यंत्राने पास म्हटलं. बाई "थँक्यू, काका" म्हणून निघून गेल्या.

दोन-तीन दिवस मामांच्या घशाखाली घास नीट उतरला नाही. नंतर उतरू लागला.

काही महिन्यांनी बाई परत आल्या. घड्याळाच्या काचेला आतून वाफ धरली होती. नेमके त्याच दिवशी मुख्य कचेरीतले साहेब पाहणीसाठी आले होते. शोरूमची हमी अशी होती की इथे सेल बदलल्यावर वर्षाच्या आत पाणी शिरलं तर घड्याळ फुकट दुरुस्त करून मिळेल. मात्र मधल्या काळात ते बाहेर कुठे उघडलेलं नसावं. साहेबांनी सगळ्यांना पद्धत दाखवावी म्हणून झाकण स्वतःच उघडलं, आणि भिवया वर नेल्या.

"ही खूण कोणाची?"

भाचीने झाकणाकडे बघितलं. शाळेच्या दप्तरावर बसून तिने हा अर्धगोल शेकडो वेळा कोरला जाताना पाहिला होता. तिचा चेहरा जराही हलला नाही.

"बाहेरचं काम आहे, साहेब. इथे कोणी खूण करत नाही."

"मी हे घड्याळ इथल्याशिवाय कुठेही दिलेलं नाही," पडदेवाल्या बाई म्हणाल्या.

"घरातलं कोणी नेलं असेल, मॅडम," साहेब गोड आवाजात म्हणाले. "लोक विसरतात."

बाईंचे कान लाल झाले. त्या सोफ्यावर बसल्या नाहीत, भांडल्या नाहीत. आपल्याला खोटं ठरवलं जातंय हे चारचौघांत उभं राहून ऐकत राहिल्या. साहेबांनी मामांना बोलावलं.

"तुम्ही उघडलं तेव्हा ही खूण आत होती का?"

"होती," एवढं म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. भाची त्यांच्याकडे एकटक बघत होती. मामांनी भिंग डोळ्याला लावलं आणि आधी रबरी रिंग पाहिली. रिंगेत धातूचा केसासारखा कीस रुतून बसला होता. खूण कोरताना निघालेला. घाईत तो पुसायचा राहिला होता, रबर हळूहळू चिरत गेला होता, आणि पाण्याने तिथूनच वाट काढली होती.

"नव्हती," मामा म्हणाले. "मी केली."

इथे थांबणारा माणूस शहाणा ठरला असता.

"आणि पाणीही तिच्यामुळेच शिरलं," ते पुढे म्हणाले. "हा बघा कीस. बाईंची काही चूक नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साहेबांनी कीस बघितला, मग मामांकडे, मग भाचीकडे.

"तुम्हाला ही खूण माहीत नव्हती?"

"तिला काय माहीत असणार," मामा घाईने म्हणाले.

"तुमची भाची ना ती?"

आपण काय केलं हे मामांना तेव्हा कळलं. खरं बोलायचं ठरवताना त्यांनी स्वतःची नोकरी मोजली होती, बाईंची अब्रू मोजली होती. भाची नुकतीच त्यांच्यासाठी खोटं बोलली आहे, हे त्यांच्या हिशेबातच आलं नव्हतं. 'माझी जबाबदारी' हे तिचे शब्द होते, त्यांचे नव्हते. कोट काढताना त्यांना अशी लाज वाटली की बटणं सापडेनात.

बाईंचं घड्याळ फुकट दुरुस्त झालं. मामांची नोकरी गेली. भाचीची राहिली, पण ती ज्या नव्या, मोठ्या शाखेची वाट बघत होती ती दुसऱ्या कोणाला मिळाली.

संध्याकाळी तिने नेहमीसारखं मामांना गाडीतून घरी सोडलं. दारात म्हणाली, "मामा, तुला गप्प बसता आलं नसतं का रे?"

"आलं असतं," मामा म्हणाले.

त्यानंतर ती आली नाही. आठवड्यातून दोनदा जेवायला येणारी मुलगी महिनाभर फिरकली नाही, फोन केला तर मामींशी बोलून ठेवून द्यायची. मामांनी या काळात घरातली एकही वस्तू उघडली नाही. मामी म्हणाल्या, यापेक्षा मिक्सर उघडा, बघवत नाही.

एका दुपारी दार वाजलं. भाची होती. चपला काढून ती सरळ टेबलाशी बसली आणि मनगटावरचं घड्याळ काढून मामांसमोर ठेवलं. साधं सेलवालं घड्याळ, तिला पहिला पगार झाला तेव्हा मामांनीच घेऊन दिलेलं. लखपतींच्या घड्याळांत बसून ती अजून तेच वापरायची.

"बंद पडलंय," ती म्हणाली. "शोरूममध्ये मीच उघडलं. सेल बदलणारच होते."

"मग?"

"आत खूण नाही. एकही नाही. इतक्या वेळा तू सेल बदललास याचा, आणि कधीच खूण नाही केलीस. जगातल्या सगळ्या घड्याळांना करायचास. माझ्याच का नाही?"

मामांना या प्रश्नाचा विचार कधी करावाच लागला नव्हता.

"खूण परक्यांच्या घड्याळाला," ते म्हणाले. "बिघडलं तर कोणाकडे यायचं, ते कळावं म्हणून. तुला काय कळवायचं?"

भाचीने घड्याळ उलटं करून झाकणावरून अंगठा फिरवला. मामी नळ बंद करून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"चुकलं माझं," मामा म्हणाले. "बाईंना सांगितलं ते नाही. तुला आधी विचारलं नाही, ते."

"हो, चुकलंच," भाची म्हणाली. तिने घड्याळ त्यांच्याकडे सरकवलं. "आता कर."

"सेल?"

"खूण. महिनाभर मला कुठे यायचं ते कळलं नाही."

मामांनी मान खाली घातली ती वर केली नाही. झाकण काढून उताणं ठेवलं, स्क्रूड्रायव्हर घेतला. अर्धगोल नेहमीइतका गोल आला नाही. मग ठिपका दिला, आणि कीस एकदा फुंकून, एकदा फडक्याने, एकदा ब्रशने साफ केला.