दौलतचा पत्ता: चौकशी खिडकी

"पल्मनरी ट्यूबरक्युलोसिस," डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे फुफ्फुसाचा क्षय, आपण ज्याला टीबी म्हणतो तो. मी दौलतकडे पाहिलं. तो भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसला होता. रिपोर्ट जणू दुसऱ्याच कुणाचा होता.

बाईंनी फॉर्म पुढे ओढला. "पत्ता?"

"स्टँड," दौलत म्हणाला.

"असं कसं लिहू? औषध द्यायला, चौकशी करायला माणूस कुठे पाठवायचा?"

मी म्हटलं, "बस स्थानक, चौकशी खिडकी, असं लिहा." त्या खिडकीमागचा वाहतूक नियंत्रक मीच. गाड्यांच्या वेळा सांगायच्या, भोंग्यावर ओरडायचं आणि उशीर झाला की लोकांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम.

दौलत पूर्वी घुग्घुसला सिमेंटची पोती भरायचा. बायको वारली, झोपडी रस्ता रुंदीकरणात गेली, आणि तो आमच्या तालुक्याच्या स्टँडवर आला तो राहिलाच. लोकांचे बोजे गाडीत चढवून द्यायचा आणि बाकावर झोपायचा. दोन महिने खोकत होता. सिमेंटची धूळ आहे, निघेल हळूहळू, असं आम्ही सारे म्हणायचो. संध्याकाळी त्याला ताप भरायचा, तरी आमचं शहाणपण चालूच. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा कुठे मी त्याला गडचिरोलीला नेलं. तुमच्या ओळखीचं कुणी दोन आठवडे खोकत असेल, तर थुंकी तपासून घ्या. आमच्यासारखे डॉक्टर होऊ नका.

"सहा महिने गोळ्या. बरं वाटलं तरी एक दिवस चुकवायचा नाही," बाईंनी बजावलं.

गोळ्या माझ्या टेबलाच्या खणात राहायच्या. दौलत सकाळी खिडकीशी यायचा आणि माझ्यासमोर गिळायचा. कॅन्टीनवाला त्याला रोज दोन उकडलेली अंडी द्यायचा. झाडणारी ताराबाई त्याची वाकळ उन्हात टाकायची. सावली गावच्या गाडीचा कंडक्टर घरून डबा आणायचा. अशक्तपणा आहे, एवढंच मी सगळ्यांना सांगितलं होतं. दौलतनेच तशी गळ घातली होती.

दोन महिन्यांनी पुन्हा थुंकी तपासली. "जंतू दिसत नाहीत. आता याच्यापासून कुणाला धोका नाही, पण औषध पूर्ण करायचं," बाई म्हणाल्या. दौलतच्या गालावर मांस आलं होतं. परतताना गाडीत तो खिडकीला डोकं टेकून हसत होता.

त्यानंतरची गोष्ट सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो.

त्या दिवशी बाजार होता. दोन गाड्या एकदम लागल्या, खिडकीवर झुंबड उडाली. दौलत आला नव्हता आणि माझ्या डोक्यात त्याची गोळी. माइक हातातच होता. गाडीचा नंबर सांगितला आणि त्याच सुरात बोलून गेलो, "दौलत, तुझी टीबीची गोळी राहिली आहे, खिडकीवर ये."

सारं स्टँड ऐकत होतं. त्याच्या शेजारी बसलेल्या बाईने लेकरू उचललं आणि ती उठून गेली. बाक रिकामा झाला. दौलत आला, गोळी गिळली.

"भाऊ, कायले सांगतलं सगळ्याइले?" एवढंच म्हणाला. कॅन्टीनवाल्याने त्याचा चहाचा ग्लास वेगळा ठेवला. धोका नाही, हे मी कॅन्टीनवाल्याला पटवत राहिलो. तो मान हलवत राहिला.

दुसऱ्या दिवशी दौलत आला नाही.

प्रत्येक ड्रायव्हर-कंडक्टरला मी त्याचा माग काढायला सांगितलं. ताराबाई माझ्याशी बोलेना. जवळजवळ दोन महिन्यांनी एका ड्रायव्हरला तो घुग्घुसजवळ ट्रकांच्या तळावर दिसला. त्यानेच त्याला गाडीत घालून आणलं. दौलतला उभं राहवत नव्हतं.

या वेळी डॉक्टरबाई म्हणाल्या, "ड्रग रेझिस्टन्स." म्हणजे जंतू नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत. "नवीन औषध सुरू करतो, पण फुफ्फुसं फार खराब झाली आहेत. मधे खंड का पडला?"

मी तोंड उघडणार, तोच दौलत म्हणाला, "मीच पळालो, बाई. भाऊचा काई दोष नाई. त्यायनं मले लय जपलं."

आणि मी गप्प बसलो. शरम वाटत होती, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं.

दवाखान्यात भरती केल्यापासून नवव्या दिवशी दौलत गेला. स्टँडवरची माणसं आली, ताराबाईही आली. कॅन्टीनवाल्याने खांदा दिला.

मग मी डॉक्टरबाईंकडे जाऊन घडलं ते सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हे त्या दिवशी त्याच्यासमोर का नाही बोललात?"

ज्यांच्या हाती दुसऱ्याचं औषध आहे, त्यांनी त्याच्या आजाराचं गुपितही तितकंच जपावं, आणि चूक झालीच तर तो ऐकू शकेल तेव्हाच कबूल करावी. माझ्याकडे नऊ दिवस होते. मी रोज त्याच्या उशाशी बसलो, मोसंबी सोलून दिली, इकडचं तिकडचं बोललो, आणि माफी तेवढी मागितली नाही.