बिनबुडबुड्याची बाटली

आमच्या डिंभ्यात बातमी अशी, की ज्योत्स्नाआत्याला जहाजावरनं हाकललं. शेजारच्या सरूबाई हे आवाज खाली घेऊन सांगायच्या, म्हणजे इतका खाली की धरणापलीकडं ऐकू जावं. “सायबाच्या बाटल्या फोडल्या म्हणं. लई म्हागाच्या व्हत्या.”

खरं तसं नाही. बाटल्या धड होत्या. त्यांत बुडबुडे निघाले.

आत्या गोव्यातल्या एका संस्थेत काम करते. अरबी समुद्रात खोलवर एक पट्टा आहे, तिथल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाहीच. तिथले सूक्ष्मजीव प्राणवायूऐवजी पाण्यातल्या नायट्रेटवर भागवतात आणि त्याचा नायट्रोजन वायू करून सोडतात. तो किती, हे आत्यानं मोजायचं. बाटलीत वरची हवा शिरली की त्यांचं काम थंडावतं. शिवाय हवेतच नायट्रोजन भरपूर, मग सगळं मोजमाप खोटं. गेल्या फेरीत तिच्या बाटल्या ओतून द्याव्या लागल्या. साहेबांनी सांगितलं, पुढच्या फेरीआधी परीक्षा. एक बुडबुडा दिसला तरी जहाजावर दुसरं कुणीतरी जाईल.

म्हणून सुट्टीत घरी आली आणि आमचा जीव खाल्ला. जनावरांच्या डॉक्टरांकडून इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या आणल्या. सलाईनची नळी तळाला टेकवायची, पाणी हळू सोडायचं, भरल्यावरही वरून वाहू द्यायचं, मग बूच. उलटी करून टिचकी. बुडबुडा. “परत.”

आजीनं, म्हणजे बायडाबाईंनी, नळच बंद केला. “पाणी येतंय यवढंसं, अन् ही बया भरल्याली बाटली सांडीत बसती.”

“आई, सांडल्याशिवाय आतली हवा जात नाही.”

“त्याआधी माझा जीव जाईल.”

मग आत्या धरणाच्या पाण्यात हनुमंतकाकांच्या होडीत बसली. जहाज हलतं, तेव्हा होडीही हलायला हवी, आणि हलवणार कोण, तर मी. “अजून हलव. तिकडं लाटा असतात.” माझे खांदे गेले. त्याची भरपाई म्हणून रोज संध्याकाळी मी सरूबाईंपुढं तिची नक्कल करायचे, टिचकी आणि “परत” सकट.

हनुमंतकाकांची जाळी कोरडीच. “ज्योत्स्ने, मासं धरायची येळ चाललीय. आन् तुझं किडं बिनहवेचं जगत्यात कसं?”

“काका, त्यांना हवा लागली की ते काम सोडतात.”

“म्हंजी आमच्या पोरागत. पुण्याची हवा लागली अन् शेत सोडलं.”

आत्या हसलीसुद्धा नाही. बाटली उलटी केली. बुडबुडा. “परत.”

जायच्या दिवशी एसटी नेहमीसारखी आलीच नव्हती. थांब्यावर उभं राहून मी वैतागले होते. म्हटलं, “आत्या, लाव पैज. साहेब तुला परीक्षेतूनच माघारी पाठवणार.”

“नाही पाठवलं तर?”

“मागशील ते.”

“मग महिनाभर माझी नक्कल बंद. कुणापुढंही.”

आठवड्यानं फोनवर फोटो आला. ओळीनं उलट्या बाटल्या, सगळ्या नितळ, मागं जहाजाचा कठडा आणि समुद्र.

आता सरूबाई रोज विचारतात, “आत्याची करून दाखव की गं.” पैज हरले, दाखवता येत नाही. लिहायचं नाही, असं मात्र ठरलं नव्हतं.