माथ्याची खूण

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही. मुलांना नाही, बरोबरच्या कामगारांना तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगतोय — कोण जाणे. रस्त्यात खोदलेला चर दिसला की मी अजून वाट बदलतो, आणि आता या वयात गुडघे एवढे वळसे घेऊ देत नाहीत, म्हणून असेल.

सत्तरच्या दशकात मी भोसरीला सिमेंटच्या पाइपांच्या कारखान्यात होतो. ड्रेनेजचे मोठे पाइप, माणूस वाकून आत शिरेल असे. माझं काम ऐकून तुम्ही हसाल — पाइपावर रंगाने खूण करायची. पण थांबा. पाइपाच्या पोटात सळ्यांचा पिंजरा असतो. आमच्या काही पाइपांत तो मुद्दाम किंचित चपटा बांधत. चपटी बाजू वर-खाली आली, तरच पाइप वरच्या मातीचा आणि गाड्यांचा भार पेलतो. ती कुशीला गेली, तर तोच पाइप फुटायला बसलेला असतो. आणि एकदा काँक्रीट भरल्यावर आतलं काय दिसणार, कपाळ? म्हणून साचा उघडतानाच, पाइप जागेवर उभा असताना, साच्यावरची खूण बघून लाल रंगाने लिहायचं — ‘टॉप’. म्हणजे माथा. चरात पाइप बसवणारा मिस्त्री तेवढ्या एका शब्दावर विसंबतो.

आमचे पाइप बसवायचा गुलाबभाई. बीडकडचा माणूस, काळेवाडीत भाड्याच्या खोलीत बायकोपोरांसह राहायचा. कंत्राटदाराकडे त्याच्या हाताला मान होता. साहेबलोकांचे शब्द तो मला विचारायचा, आणि मी — काय सांगू — मोठ्या ऐटीत फोड करून सांगायचो. सॉकेट म्हणजे पाइपाचं रुंद तोंड. बेडिंग म्हणजे पाइपाखालची मुरमाची गादी. हा ‘बेडिंग’ शब्द त्याला मीच शिकवला, हे लक्षात ठेवा.

त्या दिवशी गेटवरच्या वॉचमनच्या रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री चालू होती. आपली जोडी टिकली होती. एवढी ओव्हर, एवढी ओव्हर करत मी तिथेच उभा. परत आलो तर साचे उघडलेले, पाइप आडवे करून पाणी मारायच्या जागेवर लोळवत नेलेले. माथा कुठला? कुणालाच माहीत नव्हतं. ते माहीत असणं हेच तर माझं काम!

तेव्हा सांगता आलं असतं. पाइप बाजूला काढले असते, साहेब फाडकन बोलले असते, संपलं असतं. पण त्याच महिन्यात मी सुपरवायझर होणार अशी कुजबुज होती. मी पाइपाभोवती फिरलो. साच्याच्या जोडाची रेघ अंगावर उमटलेली असते. माथा त्या रेघेवर, की तिच्यापासून पाव फेरा पुढे? रेघेवरच असणार, असं मी स्वतःला पटवलं. ब्रश बुडवला आणि झोकात लिहिलं — टॉप, टॉप, टॉप. अक्षर माझं चांगलं होतं.

सुपरवायझर झालो. पुढे रहाटणीकडच्या रस्त्यात भरलेल्या ट्रकचं चाक खचलं आणि मैलापाणी वर आलं. उकरल्यावर साहेबांबरोबर मीही बघायला गेलो. पाइपाचा माथा फुटला होता, आणि तुटल्या जागी सळई बाहेरच्या अंगाला दिसत होती. माथ्यावर ती आतल्या अंगाला हवी; म्हणजे चपटी बाजू कुशीला गेली होती. एका नजरेत कळलं — मला. बाकीचे खाली बघत होते. पाण्याने मुरूम वाहून गेला होता. इंजिनिअरसाहेब म्हणाले, बेडिंगच नाही केलेलं.

गुलाबभाईने माझ्याकडे पाहिलं. शब्द समजला होता त्याला. शिकवला होता ना मी!

‘‘वसंतभाऊ, टॉप वरच ठिवलाय हो म्या. तुमीच सांगा यान्ला.’’

मी बुटाला लागलेला चिखल खरवडत राहिलो.

एवढंच असतं तर भ्याडपणा म्हणून मोकळा झालो असतो. पण कंत्राटदाराने त्याला काढल्यावर तो घरी आला. भांडायला नाही — विचारायला. तुम्ही पाइपवाले, माझं कुठं चुकलं तेवढं सांगा, म्हणाला. आणि मी सांगितलं. शांतपणे, नीट बसवून, चहा पाजून सांगितलं, की कुशीतला मुरूम ठासला गेला नसेल, कधीकधी होतं असं. माझी जीभ कशी झडली नाही? तो मान हलवत ऐकत होता.

पाइपाचं काम त्याला पुन्हा कुणी दिलं नाही. काळेवाडीत त्याने सायकलींचं पंक्चरचं दुकान टाकलं. लोकांनी विचारलं की सांगायचा, चूक माझीच होती, वसंतभाऊंनी समजावलं तेव्हा कळली. हे मला दोघातिघांनी कौतुकाने सांगितलं.

काही वर्षांनी त्याने स्वतःचं घर बांधलं, पत्र्याचं. मोरीचं पाणी गटारात सोडायला एक बारका पाइप टाकायचा होता. मला बोलावणं आलं. मी गेलो. असल्या पाइपाला माथा नसतो, कसाही ठेवा. गुलाबभाई चरात उकिडवा बसला, मूठमूठ मुरूम घालून दोन्ही कुशींत काठीने ठासत राहिला. ठासून झालेलं पुन्हा ठासत होता. मग हात झाडून त्याने वर पाहिलं.

‘‘बगा वसंतभाऊ, आता झालं का बराबर?’’

मी वाकून बघितल्यासारखं केलं आणि म्हणालो, आता बरोबर झालं.